बंद खिडकीसमोरची रांग

आमच्या प्रोजेक्टचं काय झालं, ते ऐकाच. आम्ही कन्नड मुलखात शिकणारे लोकप्रशासनाचे विद्यार्थी. आमच्या चौघांच्या गटाला इंदिरानगरजवळच्या एका सरकारी ऑफिसातल्या गर्दीचा अभ्यास करायचा होता. तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी उडवून लावलं. "गर्दी आहेच कुठे? एक खिडकी पुरते. दुसरी कशाला उघडायची?"

झालं! अभ्यासाचा विषयच गेला. आता करायचं काय, यावर आम्ही त्या बंद खिडकीसमोरच वाद घालत उभे राहिलो. तेवढ्यात एक बाई आमच्यामागे येऊन थांबल्या. त्यांच्यामागे आणखी माणसं.

मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, "अक्का, ही खिडकी बंद आहे. आम्ही विद्यार्थी आहोत."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या, "पण शिकलेली माणसं उगाच उभी राहतील होय?" आणि जागच्या हलल्या नाहीत.

रांग दाराबाहेर गेली, तसे साहेब धावत आले. "हे काय आहे?"

आमचा गिरीश शांतपणे म्हणाला, "गर्दी, सर."

साहेबांनी मुकाट्यानं दुसरी खिडकी उघडायला लावली. रांगेत पहिली मीच. आतल्या क्लार्कनं विचारलं, "बोला, काय काम आहे?"

म्हटलं, "काही नाही. झालं आमचं काम."