देव्हाऱ्यातला रिपोर्ट

(पेण. एका आयुर्वेदिक दवाखान्यातली वाफेची खोली. लाकडी पेटीत प्रणिता बसलेली, बाहेर फक्त तिचं डोकं. शेजारी स्टुलावर तिचा नवरा हर्षद. वाफ देणाऱ्या विमलबाई पेटीची कडी लावताहेत.)

प्रणिता : डावीकडे. अजून डावीकडे. तो गाल झाला. नाक मधे असतं.

हर्षद : इथं?

प्रणिता : हां. जोरात खाजवा, तुटत नाही.

हर्षद : घाम आलाय तुला खूप.

प्रणिता : त्यासाठीच बसवलंय.

विमलबाई : जास्त बोलू नको गो, घशाला कोरड पडते. आणि भाऊ, ही कडी दिसतेय ना, तिला हात लावायचा नाय.

हर्षद : नाय लावणार.

विमलबाई : मागल्या म्हयन्यात एकीच्या नवऱ्यानं मधीच उघडली. ती उठली नि चक्कर येऊन माझ्या अंगावर पडली. खांदा अजून दुखतो माझा. वीस मिनिटं म्हंजे वीस मिनिटं. मी पलीकडं बस्तीचं पेशंट बघून येते. कुकरातलं पाणी संपलं तर हाक मारा. शिटीची वाट बघू नका, शिटीच्या जागी नळी लावलीय.

हर्षद : बरं.

प्रणिता : गेल्या का?

हर्षद : गेल्या. प्रणिता, वैद्यबाईंनी मघाशी मला आत बोलावलं होतं.

प्रणिता : का?

हर्षद : पुढची ट्रीटमेंट सुरू करायच्या आधी नवा रिपोर्ट पायजे म्हणाल्या. माझा. जुना तीन वर्षांचा झाला.

प्रणिता : मग द्या की. माझे तर गठ्ठ्यानं झालेत. रक्त, सोनोग्राफी, गर्भाशयाच्या नळ्या. नळ्या दोनदा. पहिल्यांदा फोटो हलला म्हणून.

हर्षद : थोडी अडचण हाय.

प्रणिता : सेकंड शिफ्ट?

हर्षद : निलेशचं ऑपरेशन झालंय.

प्रणिता : तुमच्या कंपनीतल्या निलेशचं? कसलं?

हर्षद : तिसरं पोर झाल्यावर करतात ते.

प्रणिता : शहाणा आहे. त्याचा तुमच्या रिपोर्टशी काय संबंध?

हर्षद : तेच सांगतोय. तो रिपोर्ट निलेशचा हाय.

प्रणिता : कुठला?

हर्षद : माझा.

प्रणिता : नाक राहू द्या. पहिल्यापासून सांगा.

हर्षद : तुला माहितीय, तेव्हा कंपनीत कार्ड पंच करायला लागायचं. एकाला उशीर झाला की दुसरा त्याचं कार्ड मारायचा. निलेशचं मी शंभरदा मारलं असेल. मला रोह्याला लॅबमध्ये जायचं होतं आणि नेमकी डबल शिफ्ट लागली. निलेश म्हणाला, मी जातो, तुझं नाव सांगतो, बाटली देतो, येतो.

प्रणिता : आणि तुम्ही हो म्हणालात.

हर्षद : लॅब दहापर्यंतच घेते.

प्रणिता : आता नसतं जमलं असं.

हर्षद : नाय. आता अंगठा लागतो.

प्रणिता : थांबा. म्हणजे तो देव्हाऱ्यातला रिपोर्ट. आई दर गुरुवारी हळदकुंकू वाहतात तो.

हर्षद : मी आईला सांगितलं होतं, देवाजवळ ठेवू नको.

प्रणिता : संकष्टीला मीही वाहिलंय. तीन वर्षं निलेशच्या रिपोर्टला हात जोडतेय मी.

हर्षद : त्याला हे माहीत नाय.

प्रणिता : बरंय. नाहीतर प्रसाद मागायला आला असता.

हर्षद : चिडलीस?

प्रणिता : वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, नवऱ्याचं तपासलंय ना, दोघांचं बघावं लागतं. आईंनी पिशवीतून तो कागद काढला. कुंकू पुसून वाचला त्यांनी. सगळं उत्तम. मग माझ्याकडे वळल्या. रोह्याच्या डॉक्टरनी तर लिहूनच दिलं होतं, कारण सापडत नाही. कसं सापडणार? कारण डबल शिफ्टला होतं.

हर्षद : तसं पक्कं नाय ना. माझाही चांगलाच असेल कदाचित.

प्रणिता : असेल.

हर्षद : मग?

प्रणिता : सात दिवस औषधी तूप प्यायले. पहिल्या दिवशी दोन चमचे, सातव्या दिवशी वाटी. मग जुलाब. अठरा. तुमच्या आई दाराबाहेर उभ्या राहून मोजत होत्या, भिंतीवर खडूनं रेघा मारत. हे दोनदा झालं. वर सोळा बस्त्या. पाच महिने सुकट नाही, जवळा नाही, कोकमाचा थेंब नाही. कोळीण आपल्या दाराशी थांबेनाशी झाली.

हर्षद : तुझ्यासाठी मीपण सोडली होती सुकट.

प्रणिता : घरात. कॅन्टीनमध्ये खात होतात. तुमच्या शर्टाला वास यायचा. वासाला बंदी नव्हती, म्हणून तो शर्ट मी दोन दिवस धुवायला टाकायची नाही.

हर्षद : मला वाटायचं पाणी नाय आलं.

प्रणिता : आणि हे आजच का सांगताय? घरी सांगता आलं असतं. सकाळी खांब गावच्या नाक्यावर पाऊण तास एसटीची वाट बघत उभे होतो, तेव्हा सांगता आलं असतं.

हर्षद : तिथं तू चालायला लागली असतीस.

प्रणिता : आणि इथं?

हर्षद : इथं कडी हाय.

प्रणिता : विचार करून निवडलीत जागा.

हर्षद : निवडली नाय गं. त्यांनी कडी लावली आणि मला एकदम धीर आला.

प्रणिता : काढा ती.

हर्षद : अजून बारा मिनिटं हायत.

प्रणिता : हर्षद.

हर्षद : चक्कर येईल तुला. त्या काय बोलल्या ऐकलंस ना.

प्रणिता : लॅबमध्ये दुसऱ्याला पाठवताना नियम आडवा आला नाही. इथं कडीचा येतो.

हर्षद : पाणी देऊ?

प्रणिता : सकाळी माहेरून, जोहेहून काकांचा फोन होता. कारखान्यात आठशे गणपती आंधळे बसलेत. डोळे आखणारी नूतन बाळंतपणाला गेली. तिचं दुसरं.

हर्षद : काय म्हणाले हैबतकाका?

प्रणिता : तुझ्या हाताची नजर दुसऱ्या कुणाची येत नाही म्हणाले. पण आज संध्याकाळपर्यंत आली नाहीस तर हमरापूरची एक बघून ठेवलीय. गेला सीझन माझा रोह्याच्या तपासण्यांत गेला. हाही गेला तर पुढच्या वर्षी फोनही करणार नाहीत.

हर्षद : मग तू काय सांगितलंस?

प्रणिता : औषध चालू आहे, रंगाचा वास चालत नाही. आता ते औषध कशासाठी चालू आहे ते तुम्ही सांगा, म्हणजे मी काकांना सांगते.

हर्षद : थोडं थांब ना. एकदा रिपोर्ट येऊ दे. फोन वाजतोय. आईचा.

प्रणिता : घ्या. त्यांनाही सांगा.

हर्षद : आत्ता?

प्रणिता : मी कुठं जात नाही.

हर्षद : हॅलो. हां आई. पेटीत हाय ती. नाय, उकडत नायत, वाफ देतायत. जेवली. मुगाचं कढण. आई, ऐक. मला परत तपासायला सांगितलंय. नाय, देव्हाऱ्यातला चालत नाय. कारण तो माझा नाय. निलेशचा हाय. नाय गं, मी तुझाच हाय, रिपोर्ट निलेशचा हाय. हां. हां. ऐकतोय. बरं. सांगतो तिला. ठेव.

प्रणिता : काय म्हणाल्या?

हर्षद : म्हणाली, त्या रिपोर्टचे मी आळीत पेढे वाटले होते.

प्रणिता : आणि?

हर्षद : कुणाला कळू द्यायचं नाय म्हणाली.

प्रणिता : आणि?

हर्षद : तू औषध चालू ठेवायचं. मधेच सोडलंस तर लोक विचारतील, का सोडलं. माझ्यात काय निघालं तर माझं औषध तुझ्या नावावर आणायचं.

प्रणिता : म्हणजे आजार तुमचा, गोळ्या तुम्ही घ्यायच्या आणि पथ्य मी पाळायचं.

हर्षद : आईचं म्हणणं हाय.

प्रणिता : तुमचं काय आहे?

हर्षद : मला काय सुचत नाय.

प्रणिता : तीन वर्षांत?

हर्षद : डबल शिफ्ट नव्हती.

प्रणिता : कधी?

हर्षद : त्या दिवशी. सुट्टी होती मला. मी गेलो होतो लॅबला. बाथरूमएवढी खोली, खिळ्याला देवीचं कॅलेंडर. ते मी उलटं केलं, तर मागे पुढच्या महिन्याची देवी. बाहेर बाकावर साखर तपासायला आलेली चार म्हातारी माणसं. आत अर्धा तास बसलो. बाहेरून एकानं दार वाजवून विचारलं, बरं हायस ना रे बाळा. मी रिकामी बाटली तिथंच ठेवली आणि निघून आलो. मग निलेशला सांगितलं.

प्रणिता : दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं.

हर्षद : भीती वाटली.

प्रणिता : खोलीची?

हर्षद : खोलीची नाय. कागदावर काय वाईट आलं तर तू काय करशील, त्याची.

प्रणिता : तूप प्यायले नसते. बाकी काही केलं नसतं.

हर्षद : खरंच?

प्रणिता : तेव्हा नसतं केलं. आजचं अजून ठरवतेय.

विमलबाई : झाली गो वीस. पाणी पुरलं का कुकरात? अगो बाय, भाऊ, तुम्हालाच हिच्यापेक्षा घाम सुटलाय. पंखा लावायचा नाय, माहीत हाय ना.

प्रणिता : कडी काढा आधी.

विमलबाई : काढली. सावकाश उठ. माझ्या खांद्याला धर, या नाय, त्या. ही चादर घे. आता पलीकडच्या खाटेवर अर्धा तास पडायचं, वारा लागू द्यायचा नाय.

प्रणिता : विमलबाई, जोहेची गाडी कधी आहे?

विमलबाई : चारला एक हाय. माहेरी चाललीस? आज? वैद्यबाई रागं भरतील. तिथं रंगाचा वास.

प्रणिता : वैद्यबाईंना मी सगळं सांगणार आहे. यांचा कागद येईपर्यंत माझं औषध बंद.

हर्षद : आणि आईला कोण सांगणार?

प्रणिता : तुम्ही. कडीशिवाय सांगता येत नसेल तर पेटी रिकामी झालीय.

विमलबाई : पुरुषांना पण बसवतो आमी. पण त्यांचा वार गुरुवार.

हर्षद : तू परत कधी येशील?

प्रणिता : आठशे गणपती आहेत. दिवसाला चाळीस होतात. हिशोब तुम्ही करा.

हर्षद : वीस दिवस.

प्रणिता : हात बसलेला नाही, जास्त लागतील. वैद्यबाईंनी चिठ्ठी दिलीय का तुम्हाला?

हर्षद : खिशात हाय. ही काय, हर्षद आत्माराम, पूर्ण नाव लिहिलंय.

प्रणिता : लॅब कुठं आहे?

विमलबाई : खालच्याच गल्लीत. पण तपासणी कसली त्यावर हाय. काय तपासण्यांना आधी चार दिवस वेगळं निजायचं पथ्य लागतं नवऱ्याला.

प्रणिता : चाळीस दिवस झालेत.

विमलबाई : मग जा. अर्धा तास मात्र ही पडणार. त्याशिवाय मी सोडायची नाय.

हर्षद : किती वाजले?

विमलबाई : अडीच होतायत.

हर्षद : प्रणिता, तू येशील लॅबपर्यंत?

प्रणिता : बाहेर बाकावर बसेन.

हर्षद : वेळ लागला तर?

प्रणिता : पावणेचारपर्यंत बसते.