उरलं ते इलॅस्टिक

माती तपासणीच्या रांगेत दीर-भावजय पिशव्या उघडून उभे होते. मागच्या रोपवाटिकावालीने कान तिकडेच लावले होते.

"वहिनी, पैजेसाठी दोन महिन्यांपूर्वी तुमच्या वावरात पुरलेल्या चड्डीचं नुसतं इलॅस्टिक उरलंय!"

"सुती कापड मातीतल्या जिवांनी फस्त केलं, भावजी. माती जिवंत असल्याची खूण ती. तुमच्याकडची?"

"धुऊन घालता येईल."

"घाला मग."

"थट्टा नको. तुमची जुनी असणार."

"दोन्ही एकाच पाकिटातल्या. तुम्ही नांगरता, मी नांगरणं सोडलं, फरक तेवढाच."

"पैज तुम्ही हरला असता, तर तुमच्याही वावरात माझा ट्रॅक्टर फिरला असता."

"आणि तुम्ही हरलात तर काय, ते ठरवलंच नाहीत!"

"हरेन असं वाटलंच नव्हतं. वहिनी... माझ्या वावरात मिसळायला तुमच्याकडची टोपलीभर माती द्याल?"

"देईन की. आधी ट्रॅक्टरची किल्ली माझ्या हातात ठेवा."