दर्शनाचा प्रस्ताव बंद होऊ नये म्हणून

मंडळी, बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

या समाजमंदिरात एका बाजूला सारसोळे गावातली माणसं बसलीत आणि दुसऱ्या बाजूला आमच्या ग्रुपची. दर्शना असती तर तिने हे चालू दिलं नसतं. एकेकाला दंडाला धरून उठवलं असतं आणि सरमिसळ करून बसवलं असतं.

हिरामणकाका, तुमच्यासमोर उभं राहून तुमच्या मुलीबद्दल 'होती' म्हणायचंय. माझी जीभ वळत नाही. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता पोर गेली. मला वाईट वाटतंय. खरं सांगायचं तर रागही आलाय. कोणावर ते मला ठाऊक नाही.

गावातल्या मंडळींसाठी सांगते. मी विद्या, कोपरखैरण्याला राहते. आमचा ग्रुप सॉफ्टवेअर बनवतो. नोकरी सांभाळून, हौसेने. जे बनवतो ते सगळ्यांसाठी उघडं असतं. कोणीही वापरावं, आत डोकावावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. दर महिन्याला एका रविवारी सगळे माझ्या घरी जमतात आणि माझे पोहे संपवतात. दर्शना नोकरी करत होती महापेला, पण तिचा जीव या ग्रुपमध्ये होता.

काकांची दृष्टी गेली तेव्हा दर्शनाने त्यांना नवा फोन आणून दिला. बोललं की ऐकणारा. फोनला सांगायचं, अमक्याला फोन लाव, की तो लावतो. पण फोनला कळते पुस्तकातली मराठी. काका बोलतात खाडीवरची. ते बोलायचे आणि फोन गप्प. शेवटी काकांनी तो उशीखाली ठेवून दिला आणि तिला म्हणाले, "त्याला माजी भाषा कलत नाय, बाय."

हे सांगताना ती माझ्या स्वयंपाकघरात रडली होती. एवढी खंबीर मुलगी, कढीपत्ता निवडता निवडता रडली.

मग तिने ग्रुपमध्ये प्रस्ताव मांडला. फोनला ही बोली शिकवायची. गावोगावच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, ते ऐकून लिहून काढायचं आणि त्यावर सॉफ्टवेअर उभं करायचं. लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, छान आहे, थोडं भारदस्त कर. ती म्हणाली, "ताई, भारदस्त केलं की कोणी वाचत नाही." साधं लिहिलं तेही कोणी वाचलं की नाही, देव जाणे.

आमची एक रीत आहे. नवा प्रस्ताव आला की आठवडाभर वाट पाहायची. कोणी हरकत घेतली नाही, तर मंजूर. मौन म्हणजे संमती. सगळे कामात असतात, प्रत्येकाने 'हो' म्हणत बसायला वेळ कुठे? दर्शनाच्या प्रस्तावावर कोणी चकार शब्द काढला नाही. मंजूर झाला. मग आम्ही ग्रुपवर शाबासकीच्या अंगठ्याची चित्रं टाकली, अभिनंदन केलं.

त्यानंतरच्या रविवारी ती आली ती पोह्यांची बशी नुसतीच हातात धरून बसली. मी विचारलं, काय गं, मंजूर झाला ना? तेव्हा बोलली. "ताई, कोणी नको म्हटलं असतं तरी चाललं असतं. भांडायला तरी माणूस मिळाला असता. आता मंजूर आहे आणि मी एकटी आहे."

तरीही लागली कामाला. एकटीच. इथल्या बायकांकडे गेली, माइक धरला. तर काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे. माइक दिसला की सगळ्याजणी बातम्या दिल्यासारख्या बोलायला लागायच्या! आहे, नाही, पाणी, लोणी, सगळं शुद्ध. हसताय ना? तीही हसायची. मग तिने युक्ती केली. बायका मासळी साफ करत बसल्या, आपसात कोणाची तरी उणीदुणी काढायला लागल्या, की त्यांना विचारून माइक टोपलीआड ठेवायचा. पाच मिनिटांत विसरायच्या. अस्सल बोली यायची, शिव्यांसकट.

एका माणसाला कधी अशी युक्ती लागली नाही. हिरामणकाका. त्यांना माइक दिसतच नव्हता. ते लेकीशी बोलत राहिले. वारा कसा, पाणी कधी भरतं, आई तिच्यावर का रागवायची. ते सगळं बोलणं आमच्याकडे आहे, काका. अजून लिहून काढायचंय.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

दर्शना गेल्यावर ग्रुपमध्ये एक निरोप आला. ज्याने पाठवला त्याचा दोष नाही, नियमच तसा आहे. काम बघणारं माणूस उरलं नाही की प्रकल्प बंद करायचा. निरोपात लिहिलंय, बंद करायला कोणाची हरकत आहे का? मुदत आज संध्याकाळपर्यंत. आणि पुन्हा तेच. सगळे गप्प. मला माहीत आहे, या वेळी तुम्ही दुःखाने गप्प आहात. काय लिहावं ते सुचत नाही. मलाही सुचलं नाही. पण आमच्या रीतीला दुःख कळतं का हो? तिला एवढंच कळतं की कोणी बोललं नाही. संध्याकाळ झाली की ती म्हणेल, सर्वानुमते बंद.

जिवंतपणी तिला मौनाने मंजुरी दिली. आता मौनानेच बंद करायचं?

माझी हरकत आहे. मोठ्याने सांगते, माझी हरकत आहे. मला खाडीवरची बोली येत नाही, मी देशावरची. गावातल्या मंडळींना कॉम्प्युटर येत नसेल. पण तुम्ही ऐकून सांगाल, आम्ही लिहू. दर्शना या दोन्ही बाजू एकटी सांभाळत होती.

शेवटी आपण तिच्यासाठी स्तब्ध उभे राहणार आहोत. पण ते नंतर. आधी ज्यांना या कामाला यायचंय, त्यांनी सांगा. ग्रुपमधले सांगा, गावातले सांगा. हात वर करू नका. काकांना तुमचे हात दिसणार नाहीत. तोंडाने बोला, आपलं नाव घेऊन बोला, त्यांना ऐकू जाईल असं.

काका, मी विद्या. मी येते.

आता तुम्ही. सगळ्यांचं बोलून झालं, की मग गप्प उभे राहू.