अल्विना लवकर का निघायची

—नाही नाही, उठू नकोस, बस तशीच. आणि ती कात्री कशाला लपवतेस पाठीमागे, मी काय आंधळी आहे? जिन्यावरनंच दिसलं मला सगळं. माझ्या खुर्चीत बसून माझी सख्खी सून माझेच टाके उसवतेय, तेही चर्चच्या तळघरात, भिंतीवर येशू मेंढरू घेऊन उभा असताना! त्याने तरी अडवायचं तुला. पण त्याला काय — त्या भिंतीवरनं त्याने आम्हा बायकांचं इतकं काही ऐकलंय की आता त्याला कशाचं काही वाटत नसणार. — मी? मी केकचं भांडं विसरले, म्हणून आले परत. ते राहू दे. आधी मला सांग, बाकीच्यांना ठाऊक आहे हे? सगळ्यांना? अरे वा. आणि डॅरलला? खरं सांग जनेल, नवऱ्याच्या कानावर घातलंस की नाही? — नक्की? बघ हं. कारण त्याला एकदा कळलं ना, की आईला सरळ टाका घालता येत नाही, म्हणजे आईला दिसत नाही, म्हणजे आईने गाडी चालवायची नाही, म्हणजे आईने शेतावर एकटं राहायचं नाही — की चालली आई त्या वृद्धाश्रमात. तो निमित्तच शोधतोय. तिथलं ते चकचकीत चोपडं माझ्या फ्रिजवर लावून गेलाय, वरती एक म्हातारी हसतेय, दात कुणाचे आहेत देव जाणे. मी तिच्या तोंडावर भाजीवाल्याचं कॅलेंडर लावलंय.

राग? छे, राग कसला. तू काही नवीन केलं असतंस तर रागावले असते. गोधडीच्या या चौकटीवर हा उद्योग तुझ्या जन्माच्या आधीपासनं चाललाय. अल्विना तुला ठाऊक नसणार, तू लग्न होऊन आलीस तोवर ती गेली होती — त्या फोटोत बघ, कडेला, टोपी वाकडी, तीच. बाई सोन्यासारखी, पण टाका? पोतं शिवावं तसा टाका. एकेक टाका एवढा लांब की पायाचा अंगठा अडकावा. त्या गोधडीत नवराबायको शिरले असते तर सकाळी कात्री घेऊनच बाहेर काढायला लागलं असतं. आणि तोंड अखंड चालू. बोर्गहिल्ड चष्म्यावरनं तिच्याकडे बघायची, ओठ असे आवळून. बोर्गहिल्ड म्हणजे इथली मुख्य — कुणी नेमलं नव्हतं तिला, पण पास्टर आले नि गेले, बोर्गहिल्ड कायम. मग कॉफी व्हायची, अल्विनाने आणलेला वेलचीचा गोड पाव फस्त व्हायचा — पाव मात्र असा करायची की आम्ही मेल्या सगळ्या त्या पावासाठी तिचे टाके सोसायचो — आणि सगळ्यांच्या आधी अल्विना उठायची. ‘निघते गं, कोंबड्या वाट बघत असतील.’ तिची गाडी कबरस्तानाच्या वळणाला दिसेनाशी झाली रे झाली, की बोर्गहिल्ड म्हणायची, ‘चला.’ बस, एवढंच. की सगळ्यांच्या कात्र्या बाहेर. अल्विनाचं सगळं उसवायचं, नव्याने घालायचं, जुन्या टाक्यांची भोकं नखाने घासून बुजवायची. पुढच्या मंगळवारी अल्विना यायची, त्यावरनं हात फिरवायची नि म्हणायची, ‘काय सुरेख झालीय गं माझी बाजू!’ आणि आम्ही सगळ्या, पट्टीच्या खोटारड्या, ‘हो ना, सुरेखच!’

हसू नकोस, पुढचं ऐक. ती हॉस्पिटलात शेवटाला लागली तेव्हा मी गेले भेटायला, जेली घेऊन — मरणाऱ्या माणसाला काय करायचीय जेली, पण रिकाम्या हाताने कसं जायचं — तर ती मला म्हणते, ‘आर्डिस, आमच्या कोंबड्या तर हॅरल्डने केव्हाच विकल्या होत्या.’ मी म्हटलं, मग? तर म्हणते, ‘मग काय! तुम्हाला उसवायला वेळ मिळावा म्हणून निघायचे मी लवकर. तुम्हालाही घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो की.’ आणि हसली! नाकात नळ्या, आणि हसतेय, नर्स धावत आली. मी जेली धरून तशीच उभी. सगळं ठाऊक होतं तिला, पहिल्यापासनं. मी विचारलं, अगं मग येत कशाला होतीस? म्हणते, ‘मंगळवारी दुसरीकडे कुठे जाणार? घरी हॅरल्ड होता.’

तिचा नवरा हॅरल्ड होताच तसा. आमच्या सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी हॅरल्ड होता. — काय बघतेयस? बूट? बर्फातनं आले की बूट भिजणारच. गुडघ्यापर्यंत म्हणजे काय, बर्फ तेवढा आहे म्हणून. तू टाक्यांचं बोल.

बरं, बोर्गहिल्डचं सांगते. ती गेली तेव्हा जेवण आम्हीच केलं, इथेच, हॅमचे पाव आणि बटाट्याचं ते भाजलेलं, सगळं तिने आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे — जेलीत गाजर घालायचं नाही, हे तिने मरताना मला तीनदा बजावलं, नवऱ्याविषयी एकदाही बोलली नाही. आणि वरती तो पोरगेला पास्टर, नवाच आलेला, सांगतोय लोकांना, ‘बोर्गहिल्डबाईंनी कधी कुणाविषयी वाईट शब्द काढला नाही.’ आमचा अख्खा बाक खोकायला लागला. लोकांना वाटलं हुंदके. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, या बाईने ह्या चौकटीभोवती अख्खा गाव सोलून ठेवला होता. पण टाका घालावा तर तिनेच. तिला कुणी उसवलं नाही. तिच्यावर ती वेळच आली नाही, सुईत दोरा ओवता ओवता गेली. असं मरण पाहिजे. पण ते काय मागून मिळतं?

नाहीतर गुद्रुन. गुद्रुनला तर तूही ओळखतेस. तिच्या पोराने तिची गाडीची किल्ली काढून घेतली ना, तर बाई गवत कापायच्या यंत्रावर बसून यायला लागली चर्चला! हायवेच्या कडेकडेने, मागे काठीला केशरी फडकं बांधून, मांडीवर गरम भांडं टॉवेलात गुंडाळून. एकदा शेरीफ मागे लागला, दिवे लावून. तिला वाटलं मिरवणूक आहे. हात हलवत आली बया इथपर्यंत, आणि मग त्यालाच जेवायला बसवलं. मग पोराने ते यंत्रही विकलं. आता आहे तिथे, त्या चकचकीत चोपड्यातल्या घरात. मी गेले होते गेल्या महिन्यात — हो, मीच गाडी चालवत गेले, उजेडात गेले, उजेडात आले. गुद्रुन टेबलाशी बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. भराभर, कडेला कड लावून, हा एवढा ढीग. मला म्हणते, ‘आर्डिस, वेळच नाही गं बोलायला, यांचं माझ्यावाचून अडतं.’ मी म्हटलं बरं आहे, कामात आहे बाई. निघताना चुकून भलत्याच दारात शिरले — अगं चुकते मी, पाट्या बारीक असतात त्यांच्या — तर तिथे एक पोरगी गुद्रुनने घातलेल्या घड्या मोडत होती. एकेक टॉवेल झटकून टोपलीत. मला बघून म्हणाली, ‘यांना बरं वाटतं हो.’ आणि ती टोपली घेऊन पुन्हा गुद्रुनसमोर ठेवून आली.

तेव्हापासनं मला झोप नाही, जनेल. आणि आज मी इथे येते, आणि तू माझ्या घड्या मोडतेयस.

— नाही, माहितीय मला, तसं नाही. तू चांगल्यासाठीच करतेस. ती पोरगीही चांगल्यासाठीच करत होती. सगळे मेले चांगल्यासाठीच करतात. आण इकडे ती बाजू. मी बोटांनी ओळखते माझे टाके, डोळे लागतात कशाला? हे बघ — हे, हे इथले, हे माझे. बारीक, सरळ, एकाला एक लागून. हे कसे उसवशील तू? आणि हे इथे जे खडबडीत लागतंय, ही लोरेन असणार, लोरेनला घाई फार — काय?

हे खडबडीत माझे? बरं. आणि ते सरळ?

तुझे. हं.

चांगले झालेत. कुणी शिकवलं तुला? मी कधी शिकवलं? नुसतं बघून? मग बोलायचं होतंस की, आणखी दोन गोष्टी दाखवल्या असत्या, दिसत होतं तोवर. — हो, म्हटलं मी. दिसत होतं तोवर. मधोमध काही दिसत नाही मला आता, जनेल. कडेकडेने दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड दिसत नाही. पास्टर दिसत नाही, ते एक बरं झालं. डॉक्टर म्हणाला वाढत जाणार. डॅरलला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

भांडं? कुठलं भांडं? — मी मघाशीच नेलं? तूच गाडीत ठेवून दिलंस? मग — मग दुसरं काही विसरले असेन. हातमोजे. हो, आहेत हातात, दिसतात मला हातमोजे. गाडी बाहेर का दिसत नाही म्हणून काय विचारतेस? गाडी आहे की. आहे तिथे आहे. कबरस्तानाच्या वळणावर. म्हणजे वळणावर नाही, वळणाच्या थोडी पुढे. चरात. आता ओरडू नकोस, मला काही झालेलं नाही, गुडघा जरा ठेचकाळला. नाक खाली करून उभी आहे, बरोबर बोर्गहिल्डच्या दगडासमोर. ओठ आवळून बघत असेल म्हातारी. केक सांडला सगळा. आणि मी दार ढकलून निघाले, नि चालत आले, कुंपण धरून धरून. अगं, जन्म गेला त्या वळणाला वळण्यात. आज वळण नव्हतंच तिथे. पांढरं नुसतं. घाबरले मी, खरंच सांगते. बसून राहिले चाक धरून आणि मोठ्याने रडले, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून आणखी जरा रडले.

ठेव तो फोन. ठेव म्हणते ना! आधी काय सांगायचं ते ठरवू. हरीण आडवं आलं, असं सांगू. सगळे हरणावरच ढकलतात, हरीण काही सांगायला येत नाही. नाही पटणार? मग — मग असं कर, तू चालवत होतीस. हो, तू! मला घरी सोडायला निघालीस आणि घसरलीस. तुझं काय जातंय? तू तरुण आहेस, तुला कोण टॉवेल घड्या घालायला पाठवतंय! एवढं कर माझ्यासाठी. उन्हाळ्यापर्यंत तरी. टोमॅटो लावून होईस्तोवर. — वाजला बघ. त्याचाच आहे ना? कुणी मेल्याने गाडी बघितली असणार, या गावात चरात मांजर पडलं तरी जेवायच्या आत सगळ्यांना कळतं. उचल. उचल, आणि सांग.

...

सांगितलंस? तू चालवत होतीस म्हणालीस? शहाणी गं माझी. आता काय म्हणतोय? — ऐकू येतंय मला, डोळे गेलेत, कान नाही गेले. एवढं काय ओरडायचं? गाडीच आहे, जुनी. ‘अक्कल नाही’? तुला म्हणतोय? तू मान काय खाली घालतेस? — हा आवाज. देवा, हा आवाज मी ओळखते. याचा बाप असाच ओरडायचा, मक्याचं यंत्र मोडलं तरी मी, गारा पडल्या तरी मी, आणि मीही अशीच उभी राहायचे, अगदी अशीच, फोनची वायर बोटाला गुंडाळत. मला वाटलं होतं तो गेला नि संपलं. — दे इकडे. दे म्हणते. सोड!

डॅरल, तोंड मिट. आई बोलतेय. चालवत मी होते. — मी, मी, मीच. तिने नाही घातली गाडी चरात, ती इथे बसून माझं निस्तरत होती. — हरीणबिरीण काही नव्हतं. मला दिसलं नाही म्हणून. कारण मला दिसत नाही म्हणून! पुढे ऐकायचंय? तुझ्या बायकोला ठाऊक आहे कधीपासनं, आणि तिने तुझ्यापाशी अवाक्षर काढलं नाही, आणि तू तिच्यावर असा भुंकतोस? हे मी तुला शिकवलं नाही. ज्याने शिकवलं तो गेला, त्याचं तेही पुरायचं राहिलं बहुतेक. — हो. हो, ऐकलं. देईन किल्ली. त्या वृद्धाश्रमाचंही बोलू, उद्या बोलू, माझ्या स्वयंपाकघरात, आणि ही बसेल तेव्हा, आणि तू हळू बोलशील. आता ट्रॅक्टर आण, साखळी आण. आणि जिना उतरून आलास की पहिली तिची माफी मागायची, मग माझ्या गुडघ्याचं विचारायचं. — ठेवते.

कुठलं बटण? दाब तूच.

झालं. बोलून बसले. टोमॅटोचं काय ते बघू. — रडतेस काय, सरक, कापडावर पडेल. आणि दिवा लाव, अंधार झालाय ना? माझ्यासाठी नव्हे गं, तुझ्यासाठी. ते माझे खडबडीत टाके उसवायचे राहिलेत ना.