दुसऱ्या गिअरची खरखर

चारचौघांत पोराचं ऐकायचंच नाही, ही कुठली रीत? धायरीच्या गॅरेजात माझ्या शेजारीच बसले होते बापलेक, जुन्या जीपवरून भांडत.

"गिअरबॉक्स बदलायचा न्हाई, सांगितलं ना."

"आबा, दुसऱ्या गिअरला केवढी खरखर करतोय. घाटात बंद पडंल."

"पडू दे. ती खरखर ऐकली की तुझी आई उठून दारात येती. रविराजची जीप आली म्हणती."

"दादाला जाऊन वर्ष झालं, आबा."

"ठावं हाय मला. पण तेवढ्यापायीच उठती ती."

"अन् जीपमधनं उतरतो मी. मला बघती, अन् आत जाऊन निजती. रोज."



"अहो, बदला तो गिअरबॉक्स," मी म्हाताऱ्याला म्हटलं. "एक पोरगा गेलाच. दुसऱ्याला किती दिवस त्याच्या नावानं दारात उभं करणार?"