साठ कुंड्यांचा सारखा वाटा

१९६३ साली बेर्शेबाला बसच्या रांगेत अचानक मराठी कानावर आलं. पुढे शेती-प्रयोगशाळेतला म्हातारा मराठी ज्यू माळी होता आणि तिथलीच टायपिस्ट.

"मिल्का, टोमॅटोच्या त्या साठ कुंड्या मी वाचवल्या हो."

"वाचवल्या म्हणजे, एझ्राकाका?"

"अगं, फॉस्फेट सगळ्यांना सारखंच. पण वर अर्ध्यांना अमोनिया आणि अर्ध्यांना नायट्रेट! कुणीतरी गोणी चुकवली असणार."

"मग?"

"मग काय! प्रार्थनेनंतर प्रसादाचा मलिदा वाटताना एकाच्या ताटात खजूर आणि दुसऱ्याला नुसते पोहे, असं करतो का आपण? दोन्ही खतं कालवली, सगळ्यांना सारखी घातली. गेले तीन महिने."

"अहो काका! ती चूक नव्हती! कुठल्या खताबरोबर रोप फॉस्फेट जास्त ओढतं, तेच आपले शास्त्रज्ञ डॉक्टर बघत होते!"

"मला कोण सांगणार? ते सगळं हिब्रूत बोलतात."

"देवा रे! आजच मी रिपोर्ट टाईप करून धाडला. खत कुठलंही घाला, फरक पडत नाही म्हणून!"

"फरक पडत नाही? अगं, नायट्रेटवाल्यांची पानं फॉस्फेटच्या भुकेनं जांभळी पडली होती, आणि शेजारी अमोनियावाली हिरवीगार. ते बघवेना, म्हणून तर मी सारखं केलं!"