एकट्यांची रांग

मंडळी, ऐका! आजच्या आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, शापही नाही. आज आहे सहल! हसू नका — पुराणातली नव्हे, परवाच्या मे महिन्यातली. पण आधी मला एक सांगा. माणूस वेळ वाचवतो की नाही? इथं पाच मिनिटं, तिथं दहा मिनिटं. आडवाटेनं जातो, रांगेत पुढं घुसतो, जेवता जेवता फोनवर बोलतो. बरं, वाचवलास बाबा वेळ! मग तो देतोस कुणाला? सांगा की! पुढं बसलेले आजोबा मिश्कील हसतायत, म्हणजे उत्तर त्यांना ठाऊक आहे. आजोबा, एवढ्यात फोडू नका. आख्यान होऊ द्या.

जवळी असोनि दुरी बैसला ।
तो आप्त कैसा म्हणावा भला ॥

हे कुण्या संताचं वचन नव्हे हं. माझीच मोडकीतोडकी ओळ आहे, पेटीवाल्यांनी सांभाळून घ्यावी!

तर, एक होते सदानंदराव वाळिंबे. एसटीच्या आगारात वेळापत्रकं बसवायचं त्यांचं काम. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं थांबेल, परत फिरण्याआधी चालक-वाहकाला विसावा किती — सगळं या माणसाच्या बोटांवर! तीस वर्षं हेच केलेलं. घरात सुद्धा तेच. सहा चाळीसला चहा म्हणजे सहा चाळीसलाच. सहा बेचाळीस झाले की सदानंदराव घड्याळाकडं बघायचे आणि त्यांची बायको शैलाताई त्यांच्याकडं बघायच्या.

आणि एकुलती एक लेक, केतकी. अठरा वर्षांची. या पोरीनं काय केलं? बारावी झाली आणि जहाजावर अधिकारी व्हायचं शिक्षण घेते म्हणाली! चेन्नईला! आता बघा, सदानंदरावांच्या घराण्यात समुद्र पाहिलेला माणूस म्हणजे कोण, तर गणपतीपुळ्याला जाऊन पाय भिजवून आलेले काका. सदानंदराव म्हणाले, "बँकेच्या परीक्षेची तयारी कर." ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "डीएड कर." ती म्हणाली, "नाही बाबा." शेवटी फॉर्मवर सही केली त्यांनी. केली! पण सही केली त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे — "जेवलीस?" "हो." "पंखा बंद कर." "केला." संपलं! तेवीस दिवस असेच गेले. आणि येत्या गुरुवारी पोरगी निघणार.

आईच्या जिवाला किती घोर, माउल्यांनो, तुम्हीच जाणता. शैलाताईंनी काय केलं, त्या मोठ्या खेळनगरीची दोन दिवसांची तिकिटं काढली. ते नाही का, घाटाखाली, जिथं आकाशात उलटंसुलटं करतात माणसाला! नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पोरगी चाललीय. दोन दिवस मजा करू. आणि माझं एकच मागणं आहे. तिच्या शेजारी बसा. काही बोलू नका हवं तर, पण शेजारी बसा."

सदानंदराव म्हणाले, "बसतो की." आणि कागद घेऊन बसले!

अहो, वेळापत्रक! खेळनगरीचा नकाशा मिळवला, पट्टीनं रेघा मारल्या. फाटक साडेदहाला उघडतं, आपण सव्वानऊला हजर. आत शिरल्यावर सगळी गर्दी उजवीकडं वळते, म्हणून आपण डावीकडं, थेट टोकाला. तिथून उलटं यायचं. जेवण सव्वाअकराला, म्हणजे लोक जेवायला येतील तेव्हा पाण्यातले खेळ मोकळे! डोकं आहे की नाही? मी तर म्हणतो आपल्या सप्ताहाच्या पंगतीचं काम यांच्याकडं द्यावं, आमटी थंड व्हायची नाही.

आणि सगळ्यात मोठी युक्ती ऐका. प्रत्येक पाळण्याला दोन रांगा असतात. एक मोठी, सगळ्यांची. दुसरी छोटी — एकट्यांची. म्हणजे काय, की पाळण्यात एखादी जागा रिकामी राहिली तर तिथं भरायला सुटं माणूस लागतं. त्या रांगेत उभं राहिलं की तासाचं काम दहा मिनिटांत! फक्त एकत्र बसता येत नाही. मिळेल तिथं, मिळेल त्याच्या शेजारी बसायचं. सदानंदराव म्हणाले, "उतरल्यावर भेटूच की सगळे! एका दिवसात चौदा खेळ होतात. साधा माणूस सहा करतो."

शैलाताई म्हणाल्या, "आणि शेजारी बसायचं राहिलं?"

"ते घेतलंय ना!" त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. लिहिलं होतं — छोटी आगगाडी, पाच दहा ते पाच वीस, बापलेक एकत्र.

दहा मिनिटं, मंडळी! लेकीला चौकटीत दहा मिनिटं! तुम्ही म्हणाल, किती कठोर बाप. नाही हो! ज्याला भाकरीच भाजता येते तो प्रेमसुद्धा भाकरीतूनच देतो. या माणसाला वेळापत्रक येत होतं, त्यानं प्रेमाला वेळापत्रकात जागा दिली. चुकलं कुठं ते पुढं कळेल.

दिवस उजाडला. शैलाताईंनी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, त्या फाटकावरच काढून घेतल्या. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे! पण बाकी सगळं कागदाप्रमाणे. सदानंदराव पुढं, खिशात लाल पेन, मागं दोघी. पहिला पाळणा झाला, खूण. दुसरा झाला, खूण. केतकी बसली कुण्या कॉलेजच्या पोरांच्या मध्ये, शैलाताई एका नव्या नवरीच्या शेजारी, सदानंदराव एका लठ्ठ गृहस्थाच्या कुशीत. उतरले की विचारायचे, "झालं? चला!" पोरगी म्हणायची, "हो, चला." पोरगी दमली होती का, खुशीत होती का, काही पाहायला त्यांना फुरसत नव्हती. पुढचा खेळ तीन वाजून पाचला होता ना!

पाचला तेरा खुणा झाल्या. आता राहिली आगगाडी. आणि तेवढ्यात काय झालं, सकाळपासून बंद असलेला सगळ्यात उंच पाळणा सुरू झाला! नाव त्याचं गरुडझेप. सदानंदरावांचे डोळे चमकले. कागदावर नव्हता, पण ही संधी सोडतो कोण? म्हणाले, "पंधरा मिनिटांत उरकू, मग आगगाडी."

आता ही आगारातली एक गोष्ट सांगतो. गाडीला उशीर झाला, की तो भरून कशातून काढतात? चालकाच्या विसाव्यातून! फेरी रद्द करत नाहीत, थांबा गाळत नाहीत, विसावा खातात. म्हणून विसावा नेहमी शेवटाला ठेवलेला असतो. सदानंदरावांनी लेकीची दहा मिनिटं नेमकी तिथंच ठेवली होती. तीस वर्षांची सवय हो, हात आपसूक तिथं गेला. गरुडझेपीला अर्धा तास लागला आणि आगगाडीची शेवटची फेरी साडेपाचला शीळ घालून निघून गेली.

"उद्या बसू," सदानंदराव म्हणाले. केतकी आईबरोबर पाणी प्यायला पुढं गेली.

हे मागं रेंगाळले. तिथं पडद्यावर फोटो दाखवतात, पाळणा खाली कोसळतानाचे. लोक आपापली तोंडं बघून हसत होते. सदानंदरावांनी शोधलं, तर तिसऱ्या फोटोत केतकी. डोळे गच्च मिटलेले. चेहरा पांढरा पडलेला. आणि दोन्ही हातांनी शेजारच्या बाईचा हात धरलेला. एका अनोळखी बाईचा! सदानंदराव बघतच राहिले. ही पोर उंचीला भिते? कधीपासून? दिवसभर चौदा वेळा वर पाठवली आपण हिला!

मागून कुणीतरी म्हणालं, "तुमची मुलगी का हो?"

वळून बघतात तर त्याच बाई. साठीच्या, विट्याच्या घोरपडेकाकू, नातवंडांना घेऊन आलेल्या. म्हणाल्या, "लई गुणाची पोर आहे. वर जाताना नुसती थरथरत होती. म्हटलं, भीती वाटती तर बसलीस कशाला गं? तर म्हणती, बाबांनी एवढं बसवलंय सगळं, त्यांचा हिरमोड नको."

सदानंदराव पुन्हा त्या फोटोकडं बघायला लागले.

"गुरुवारी लांब चाललीय म्हणाली," काकू पुढं बोलत होत्या. "म्हणाली, काकू, बाबांनी सही केली पण बोलत नाहीत. माझ्यावर रागावलेत का माझ्यासाठी भ्यालेत, तेवढं कळलं असतं तर मी सुखानं गेले असते. काय हो, विचारू नये, पण... रागावलाय?"

मंडळी, पाळणा वर जायला मिनिटं लागतात तीन! तीन मिनिटांत परक्या बाईला कळलं ते बापाला तेवीस दिवसांत कळलं नाही. वाईट वाटलं हो त्याला. फार वाईट वाटलं. आणि त्या बाईचा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

जवळी असोनि दुरी बैसला...

दुसरा दिवस! फाटकाशी आले, पण आज सव्वानऊला नाही, अकराला. केतकीनं विचारलं, "बाबा, कागद?" ते म्हणाले, "राहू दे. सगळ्यात मोठी रांग कुठं आहे ते बघ." पोरीला वाटलं चुकून बोलले. पण निघाले तिकडंच. फलक होता, इथून पुढे एक तास चाळीस मिनिटं. तिथला गणवेशातला माणूस म्हणाला, "काका, पलीकडची एकट्यांची रांग रिकामी आहे, तिकडून जा." सदानंदराव म्हणाले, "नको. आम्ही एकत्र आहोत."

शैलाताई शहाण्या! म्हणाल्या, "माझे पाय दुखतायत, मी बसते सावलीत." कसले पाय दुखतायत!

आता तुम्हाला वाटेल, लागलीच गळ्यात पडले असतील. छे! अर्धा तास दोघं मुकाट. बोलायची सवयच गेलेली. हे छपराचे खांब मोजतायत, ती नखं बघतीय. ऊन चढलं. रांग बोटभर सरकली. मग सदानंदराव पुढं बघतच म्हणाले, "केतकी, आपल्या गाडीला उशीर झाला, की मी काय करतो ठाऊक आहे? पुढच्या स्थानकाला फोन करतो. गाडी निघाली का? वाटेत दिसली का? कुणीतरी सांगतं. मग मी चहा पितो." रुमालानं मान पुसली. "तुझ्या जहाजाला उशीर झाला, तर मी कुणाला फोन करू गं?"

पोरीनं बापाचा हात धरला, दोन्ही हातांनी. मग रडली. मग हे रडले! पुढचा माणूस वळून म्हणाला, "काका, पाळणा एवढा भीतिदायक आहे का?"

मग जे बोलणं सुटलं! जहाजावर झोपतात कुठं, जेवण काय, रात्री दिशा कशी कळते, तिला उंचीची भीती तर मग डोलकाठीचं काय. ती म्हणाली, "आता डोलकाठीवर कुणी चढत नाही बाबा!" ते म्हणाले, "मग माझी निम्मी काळजी गेली." रांगेच्या तोंडाशी कधी आले कळलंच नाही. गणवेशवाला म्हणाला, "चला काका, बसा." सदानंदरावांनी मागच्यांना हात केला, "तुम्ही व्हा पुढं." पुन्हा पाळणा आला, पुन्हा मागच्यांना पुढं. चार वेळा! शेवटी तो वैतागला, "अहो काका, बसायचंय की नाही?" सदानंदराव म्हणाले, "बसू हो. आमचं बोलणं अर्धं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी खेळ किती झाले? एकसुद्धा नाही! आणि शैलाताईंना विचाराल तर त्या म्हणतील, तिकिटाचं सार्थक झालं.

माणूस बदलला का? कसला बदलतोय! गुरुवारी गाडीच्या दोन तास आधी फलाटावर नेऊन उभं केलं पोरीला. फक्त ते दोन तास तिच्या शेजारी बसून राहिले.

आता माझा मोर्चा तुमच्याकडं, मंडळी. सदानंदराव सोडा, ते शहाणे झाले. मगाशी तिसऱ्या ओळीतल्या एका भल्या माणसानं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. मी पाहिलं बरं का! मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. गावोगाव कीर्तनं करत हिंडतो, हजार माणसांशी बोलतो, आणि माझ्या थोरल्या भावाशी आठ महिन्यांत बोललेलो नाही. कारण विचाराल तर मला वेळ नाही! हे सांगताना मला लाज वाटते.

तुमच्यातही प्रत्येकाचं कुणीतरी आहे. ज्याच्याशी सवडीनं बोलायचं ठरवून ठेवलंय. पेरण्या झाल्या की, परीक्षा संपली की, लग्न उरकलं की. दिवसाच्या तळाशी दहा मिनिटांची चौकट आखलेली आहे त्याच्यासाठी. आणि उशीर झाला की रोज तीच चौकट आपण खातो! आजोबा, आता फोडा उत्तर — वाचवलेला वेळ आपण देतो कुणाला? कुणालाच नाही!

आता आरती व्हायची. प्रसादाचा वास मलाही येतोय. पण आज रीत मोडू. टाळ खाली ठेवा रे. या मंडपात बाया त्या अंगाला, पुरुष या अंगाला, बापलेक दोन टोकांना बसलेत. उठा! ज्याच्याशी बोलणं अर्धं राहिलंय ते माणूस मंडपात असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. मांडीला मांडी लावून. आणि ते घरी असेल, तर आरतीला थांबू नका. देव कुठं जात नाही, तो उद्याही इथंच आहे. चपला घाला आणि निघा. लाजू नका, उठा — मी उतरतोय खाली, मला भावाला फोन लावायचाय.